आमची नोहे

दुपारी टपाल आवरताना ऐकलं.
ओसरीवर दोघी टेकल्या होत्या, त्यातली एक म्हणाली,
"बालटी तं निंगाली वो, पर आमची नोहे."
मग रोवणीच्या मजुरीवर बोलल्या आणि उठून गेल्या.

माझ्या हातात शिक्का तसाच.
आवर्ती ठेवीच्या जुन्या पावतीच्या पाठीवर
वाक्य उतरवलं, खाली तारीख मारली,
रजिस्टर पत्रावर मारते तशी.

चार दिवस ते शाईच्या गादीखाली.
काढून बघायचे, परत ठेवायचे.
कोणाची बालटी? किती वर्षं बुडालेली?
आणि हिची कुठं गेली?

पहिल्यांदा लिहिली तेव्हा विहिरीत बाई टाकली.
सोपंच असतं ते,
विहीर दिसली की लिहिणाऱ्याला
एखादी सून ढकलावीशी वाटते.
सतरा पानं. पोलीस पाटील, पंचनामा, माहेरचा आक्रोश.
वाचून पाहिली तर बालटी
पंचनाम्यात एका ओळीपुरती उरलेली.
पोरीनं त्या पानांच्या मागं गणितं सोडवली,
बरीचशी बरोबर.

दुसऱ्यांदा विहीरच बोलायला लागली.
फार बोलली.
"माझ्या काळोख्या उदरात" असं काहीबाही.
आमच्या सिंदेवाहीकडची कुठली विहीर
असं बोलते?

मग डोमाजी नन्नावरेंकडे गेले.
गावात गळ एकच, त्यांच्या पडवीत, खुंटीला,
आठ आकड्यांचा.
भाडं नाही, फक्त दोर वाळवून परत आणायचा.
म्हणाले, "इचारून का लिवतेस? धर."
"गाळ लागला तं दोर जड होते, बोलत नाही.
गोटा लागला तं थरथरते.
बालटी लागली का एक टणका येते,
थो कोपराले समजते, डोक्याले नाही.
मंग वढाचं नाही, बाई. थांबाचं.
कडीत आकडा बसू द्याचा."

धान कापून झालं, चुरणं झालं,
मोह फुलला, पडला, वेचून झाला.
थांबले होते असं नाही म्हणणार,
अर्धा वेळ तर विसरलेच होते.
मार्चचा हिशेब. निराधारच्या पैशांची रांग,
आणि म्हाताऱ्यांचे अंगठे न ओळखणारं मशीन.
एका रात्री लाइट गेली, मी पंख्याकडे बघत पडलेली,
तेव्हा कोपराला समजलं:
ती बाई परकी बालटी घरी नेत नाही.
राखेनं घासते. विहिरीच्या काठावर ठेवते.
रोज पाण्याला येते, ती तिथंच.
कोणी नेत नाही, कोणी सरकवतही नाही.

बस. एवढंच होतं.

आठ पानं झाली. डोमाजींना वाचून दाखवली.
डोळे मिटून ऐकत होते, वाटलं झोपले.
"कडी लोखंडाची लिवलीस," म्हणाले.
"सायकलच्या ताराची कर.
अस्सल कडी तुटली,
तवाच तं पडली ना बालटी."
ती एक तार घातली
आणि दोन पानं आपोआप गळून पडली.

राहिलं ते पहिलं वाक्य.
सुरुवातीला ठेवलं, तर सगळं आधीच सांगून टाकायचं.
शेवटी ठेवलं, तर टाळ्या मागायचं.
मध्ये कुठं लपवलं, तरी तिथूनच मोठ्यानं ऐकू यायचं.
काढलं.
कथा हलली नाही.
मला मात्र, लग्नाचे सगळे कपडे ज्यानं शिवले
त्या शिंप्यालाच आवतण द्यायचं राहिल्यासारखं.

परवा ती आली, पासबुकात नोंद करायला.
नाव तेव्हा वाचलं: वच्छला गुरनुले.
विचारलं, त्या बालटीचं मग काय झालं?
"कोन्ती?"
तिला आठवायला वेळ लागला.
"हाव, थे. थे तं मी तवाच घरी नेली,
कोंबड्यायले पानी ठेवाले.
आमची अजून खालीच हाये."

तिचं पासबुक मी उलटं धरलं होतं.
शिक्का मागच्या पानावर उमटला.